ड्राय फ्लायसाठी लाइन, लीडर, टिपेट : तीर्थनला दुसऱ्यांदा जाण्याआधी मदत हवी आहे

कन्हानकाठ | २ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

गेल्या एप्रिलच्या शेवटी मी आणि धाकटा भाऊ हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी गेलो होतो. नागपूरहून जी.टी.ने दिल्ली, तिथून रात्रीची बस, औटच्या बोगद्यापाशी उतरून बंजार आणि पुढं गुशैणी. मत्स्य विभागाचा परवाना काढला आणि पाच दिवस गुडघाभर बर्फाच्या पाण्यात उभे राहिलो. ड्राय फ्लायवर (पाण्यावर तरंगणारी, किड्यासारखी दिसणारी नकली माशी) एकच मासा लागला. तोही टिपेट, म्हणजे माशीला बांधलेला शेवटचा बारीक दोरा, तोडून गेला.

मासे नव्हते असं अजिबात नाही. दगडामागच्या संथ पाण्यात ट्राउट वर येऊन किडे टिपताना डोळ्यांना दिसत होते. माझी माशी त्यांच्यावरून जायची, एखादा खालून तिरका वर यायचा, नाक जवळजवळ लावायचा आणि परत तळाशी. दिवसातून दहा-बारा वेळा हेच. भाऊ म्हणाला माशी चुकीची आहे. आम्ही डबीतल्या सगळ्या माश्या बदलून पाहिल्या, पॅराशूट अ‍ॅडम्सपासून एल्क हेअर कॅडिसपर्यंत. फरक शून्य.

सामान असं होतं : ९ फुटी ५ नंबरचा रॉड, डब्ल्यूएफ५एफ, म्हणजे पुढं जड, ५ नंबरची, तरंगणारी लाइन (दुकानदारानं 'भारतात गरम असतं' म्हणून ट्रॉपिकल दिली), ९ फुटी तयार लीडर (लाइन आणि टिपेट यांच्यामधला निमुळता दोरा), पुढं ५एक्सचं टिपेट. यंदा २० एप्रिलच्या सुमारास परत जायचंय. रॉड बदलायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. पण लाइन, लीडर, टिपेट यातलं काय बदलू? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

काटोलची_संत्री | २ मार्च, रात्री ११:०५

भाऊ, म्या ट्राउट काई पाह्यला नाही. पन गय लहानपनापासून टाकतो, आमच्या गावच्या तयावर. एक सांगतो. मासोई वर येऊन तोंड न लावता परत गेली, म्हंजे तिले खानं पसंत हाय, पन ते खानं कुठंतरी ओढल्या जाते हाय. आमचा बुढा म्हने, दोरा ढिला सोड, आमिष पान्याचं झालं पाह्यजे. तुमच्या ट्राउटचं बी तसंच असंल काय?

खिंडसी | ३ मार्च, सकाळी ७:१५

काटोलचे भाऊ, तुमच्या बुढ्यांनी जे सांगितलं त्यावरच सगळी ड्राय फ्लाय उभी आहे. इंग्रजीत त्याला ड्रॅग म्हणतात. मी आता 'ओढ' हाच शब्द वापरणार.

कन्हानकाठ, मासा वर आला म्हणजे माशी त्याला पटली होती. शेवटच्या वीतभरात तो फिरला तो माशीच्या चालीमुळं. खरा किडा पाण्यावर पडला की प्रवाहाच्या वेगानंच जातो, ना जास्त ना कमी. तुमची माशी दोऱ्याला बांधलेली आहे. तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये चार वेगवेगळ्या वेगांचे पट्टे वाहतात आणि लाइन त्या सगळ्यांवर आडवी पडते. मधला जोराचा पट्टा लाइन खाली ओढतो, लाइन लीडरला, लीडर माशीला. ही ओढ कधी एवढी थोडी असते की वीस फुटांवरून आपल्याला दिसतच नाही. माशाला दिसते.

मी सोळा वर्षं हिमाचल आणि काश्मीरच्या पाण्यांवर जाते. मला विचाराल तर तुमचा घोटाळा माशीपासून मागं मोजत या. पहिले तीन फूट टिपेट, मग लीडर, मग लाइन. बहुतेक लोक उलटे येतात, लाइनवर सगळे पैसे खर्च करतात आणि टिपेट मिळेल ते बांधतात. तुमच्या बाबतीत मात्र लाइनबद्दलच आधी बोलावं लागेल, कारण तुम्हाला ट्रॉपिकल दिली हे वाचून मी चहा बाजूला ठेवला.

शाळेत निघायची वेळ झाली. संध्याकाळी लिहिते.

लेथवाला | ३ मार्च, दुपारी १:३०

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, मायक्रोमीटर रोज हातात. कन्हानकाठ, तुमच्याकडं ते ५एक्सचं स्पूल शिल्लक असेल तर घेऊन या. दोन मिनिटांत जाडी मोजून देतो. छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

खिंडसी | ३ मार्च, रात्री ९:१०

आता लाइन.

फ्लाय लाइन म्हणजे आत एक गाभा आणि वर प्लास्टिकचा लेप. थंड पाण्याच्या लाइनचा लेप मऊ असतो आणि गाभा बहुधा विणलेल्या नायलॉनचा, म्हणून ८-१० अंशांच्या पाण्यातही ती लुळी, सरळ राहते. ट्रॉपिकल लाइन उन्हाळी समुद्रासाठी. तिचा लेप कडक, नाहीतर ती उन्हात शेवयांसारखी लुळी पडेल आणि रॉडच्या कड्यांना चिकटेल. हीच कडक लाइन वितळत्या बर्फाच्या पाण्यात नेली की रीलवरची वेटोळी तशीच राहतात. पाण्यावर लाइन स्प्रिंगसारखी पडते. प्रत्येक वेटोळं सरळ होताना किंवा परत आवळताना माशीला हिसका देतं. प्रवाहाची ओढ वेगळी, ही वेगळी.

'भारतात गरम असतं' हे नागपूरसाठी खरं. लाइन निवडायची ती मासा ज्या पाण्यात आहे त्या पाण्याच्या तापमानाप्रमाणे. तीर्थनचं एप्रिलमधलं पाणी हातात धरवत नाही. म्हणून थंड पाण्याची ट्राउट लाइन घ्या.

आणि आता आपल्या नागपूरची अडचण. ती मऊ ट्राउट लाइन तुम्ही मे महिन्यात ४५ अंशांत मैदानावर सरावाला काढाल तर ती चिकट होईल, गवतातली धूळ उचलेल आणि लेप लवकर मरेल. सराव जुन्या ट्रॉपिकलवरच करा, तिचा उपयोग तोच. नवी लाइन घरात, कपाटात, रीलवरून सैल वेटोळ्यांत काढून ठेवा. गाडीच्या डिक्कीत नको. डासांचं मलम लावलेल्या हातानं लाइनला शिवू नका, त्यातलं डीट लेप खातं. सनस्क्रीन लावल्यावरही हात धुऊन घ्या.

वजन : ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट, टोकाचा सरळ तुकडा सोडून, १४० ग्रेन (साधारण ९ ग्रॅम) भरायला हवेत. ४ नंबरचे १२०, ६ नंबरचे १६०. हे माप १९६० च्या दशकापासून सगळे पाळतात असं मानलं जातं. तुमचा रॉड ५ चा आहे, लाइन ५ चीच घ्या. डब्ल्यूएफ घ्यावी की डीटी, म्हणजे दोन्हीकडं निमुळती? तीर्थनवर तुम्ही तीस फुटांच्या पलीकडं क्वचितच टाकाल आणि तेवढ्यात दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. डीटीची दोन्ही टोकं सारखी, एक झिजलं की उलटून घ्यायची. पैसे जपून वापरायचे असतील तर मी डीटी म्हणेन. फक्त पुढचा उतार लांब आणि बारीक असलेली बघा, म्हणजे लाइन धप्पकन पडणार नाही.

निलगिरीतला_नागपूरकर | ४ मार्च, सकाळी ६:५०

खिंडसीताई, उत्तम लिहिलंत. जन्म धरमपेठेतला, नोकरी कुन्नूरला, त्यामुळं मला इथल्या अ‍ॅव्हलांच तलावाच्या बाजूचं पाणी माहीत आहे. थोडं वेगळं मत मांडतो.

९ फुटी लीडर मला आखूड वाटतो. आमच्याकडं साचलेलं, काचेसारखं पाणी. मी १२ फूट लीडर आणि वर तीन-चार फूट टिपेट वापरतो, ६एक्स. लाइनचं टोक माशापासून जितकं लांब तितकं बरं. कन्हानकाठ यांनी ६एक्स लावलं असतं तर कदाचित मासा घेतला असता.

शिवाय शेवटचा एक फूट टिपेट मी मुद्दाम बुडवतो. टिपेट पाण्यावर तरंगलं की पाण्याच्या पडद्यावर खळगी पडते आणि उन्हात तिची जाड सावली तळाशी दिसते, दोऱ्याच्या कितीतरी पट. बुडवायला मुलतानी माती, थोडं ग्लिसरीन आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब एकत्र मळून छोट्या डबीत ठेवतो. चिमटीत घेऊन टिपेट त्यातून ओढलं की तेलकटपणा जातो. परदेशी डबी महाग मिळते, आत मातीच असते.

खिंडसी | ४ मार्च, रात्री ८:३०

मुलतानी मातीबद्दल शंभर टक्के मान्य. बर्डीवर कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळेल. माझ्याही डबीत आहे.

१२ फूट आणि ६एक्सला मात्र तीर्थनसाठी माझा विरोध आहे. तिथलं पाणी दगडांवरून फुटत येतं, दरीत दुपारी वारा वर चढतो, झाडांच्या फांद्या डोक्यावर. नवीन माणसाचा १२ फुटी लीडर अशा ठिकाणी उलगडतच नाही, ढीग होऊन पडतो. मग मासा येतो आणि ढिगातला दोरा ओढेपर्यंत माशी थुंकून जातो. खळखळत्या पाण्यात साडेसात ते नऊ फूट पुरे. संथ खोल डोहाशी पोचलात तर तिथंच टिपेट वाढवून अकरा फुटांपर्यंत जा.

६एक्सविरुद्ध दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. बारीक दोऱ्यावर मासा हळूहळू थकवावा लागतो. जितका थकेल तितका तो सोडल्यावर जगण्याची शक्यता कमी. पाणी २० अंशांच्या वर गेलं तर तर ट्राउटला धरूच नये. ४एक्स किंवा ५एक्सवर मासा दीड-दोन मिनिटांत हातात येतो, बिनकाट्याचा गळ सहज निघतो, मासा पाण्याबाहेर न काढता सोडता येतो. मासा फसवायला दोरा बारीक करत जाण्यापेक्षा ओढ कमी करणं शिकावं. या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

निलगिरीतला_नागपूरकर | ४ मार्च, रात्री ९:०५

माशाच्या बाबतीतला मुद्दा मान्य आहे. आमच्या साचलेल्या पाण्यात मी लहान माश्या वापरतो म्हणून ६एक्स लागतं. मोठ्या माशीला ते चुकीचंच आहे, टिपेटला पीळ पडतो.

गुलमोहर_सदर | ५ मार्च, दुपारी १२:१५

मी फक्त वाचक, मासेमारी कधी केली नाही, पण धागा सोडवत नाही. ५एक्स, ६एक्स म्हणजे काय? आणि आकडा वाढला की दोरा बारीक होतो, हे उलटं कसं?

खिंडसी | ५ मार्च, रात्री ९:४५

छान प्रश्न, आणि याचं उत्तर आपल्या भंडाऱ्याच्या टसरवाल्यांना आवडेल.

नायलॉन १९३० च्या दशकात निघालं. त्याआधी लीडर रेशमाच्या किड्यापासून करत. कोश विणायच्या बेताला आलेल्या किड्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथी काढून, त्या ताणून धागा बनवायचा. याला गट म्हणत आणि स्पेनमधला मुर्सिया प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. हा धागा सारख्या जाडीचा करायला धातूच्या पट्टीतल्या भोकांतून ओढत, दागिन्यांची तार ओढतात तसा. एकदा ओढला की १एक्स, दोनदा २एक्स. जितक्या वेळा ओढला तितका बारीक, म्हणून आकडा वाढतो. गट कोरडा असताना काडीसारखा तुटे, बांधण्याआधी भिजवून ठेवावा लागे.

आजचा हिशेब : ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, इंचाचे हजारावे भाग मिळतात. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, ०.१५ मिलीमीटर. ४एक्स ०.१८, ६एक्स ०.१३. हा आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही. एका कंपनीचं ५एक्स दुसरीच्या ५एक्सपेक्षा जास्त वजन पेलू शकतं.

माशीशी जुळवायला गळाच्या नंबरला तीनानं भागा. १२ नंबरची माशी, ४एक्स. १४-१६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स. फार मोठी, वारा धरणारी माशी असेल तर एक पायरी जाड.

लेथवाला | ८ मार्च, सायंकाळी ७:००

कन्हानकाठ काल वर्कशॉपला आले होते. त्यांच्या ५एक्सच्या स्पूलवर एक-एक फुटावर दहा ठिकाणी मोजलं. सर्वात बारीक ०.१७, सर्वात जाड ०.१९. ०.१५ एकदाही आलं नाही. म्हणजे हा दोरा ४एक्सच्या आसपासचा आणि वर असमान.

मग त्याच दोऱ्याला स्प्रिंग काटा लावून ओढलं. गाठ न मारता, दंडगोळ्यावर गुंडाळून. स्पूलवर २.२ किलो लिहिलंय, तुटला १.३ ला. जाड असून कमजोर. विचारल्यावर कळलं, स्पूल वर्षभर स्कूटीच्या डिक्कीत होतं. गेल्या मे-जूनसकट.

लाइनचं वजनही करून घेतलं. इतवारीत सराफा ओळीत माझ्या मित्राचं दुकान आहे, सोन्याचा काटा. पहिले ३० फूट मोजून कापडी पिशवीत टाकले, पिशवीचं वजन वजा केलं : ९.८ ग्रॅम, म्हणजे १५१ ग्रेन. १४० हवेत. लाइनवर ५ लिहिलंय पण ती ५ आणि ६ च्या मधली आहे.

कन्हानकाठ | ८ मार्च, रात्री १०:३०

लेथवाला दादांचे मनापासून आभार. दोन तास दिले आणि वर तर्री पोहे खाऊ घातले.

खरं सांगतो, १.३ चा आकडा बघितला तेव्हा वाईट वाटलं. मासा माझ्या चुकीनं टिपेट घेऊन गेला, त्याच्या जबड्यात माशी अडकून राहिली. स्पूल डिक्कीत ठेवायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता प्रश्न : नायलॉन घेऊ की फ्लोरोकार्बन? दुकानात सगळे फ्लोरोकार्बनच सांगतात, माशाला दिसत नाही म्हणून. आणि लीडर तयार घेऊ की स्वतः बांधू?

खिंडसी | ९ मार्च, दुपारी ३:२०

रविवार आहे, आज पूर्ण लिहिते.

ड्राय फ्लायला नायलॉन. फ्लोरोकार्बनचा गुण खरा आहे : प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून तो पाण्याखाली कमी दिसतो. पण तो जड आहे. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉन १.१४, फ्लोरोकार्बन १.७८. पाण्याचा पडदा एकदा फुटला की तो खाली जातो आणि लहान माशीचं नाक सोबत नेतो. पाण्याखाली निंफ (बुडणारी, किड्याच्या अळीसारखी माशी) चालवायला तो उत्तम, उन्हानं खराब होत नाही. शिवाय तो ताठ असतो, आणि ताठ टिपेट म्हणजे ओढ. नायलॉन मऊ, लवचिक. तो पाणी शोषतो, भिजल्यावर थोडा नरमतो, उन्हात मरतो. म्हणून दर वर्षी नवीन स्पूल घ्या, त्यावर पेननं तारीख टाका. नागपूरकरांनी तर दर उन्हाळ्यानंतर टाकून द्यावं, आणि टाकताना बारीक कापून. पक्ष्यांच्या पायात अडकतं.

लीडर. तयार लीडर विकत घेण्यात कमीपणा नाही. ९ फूट, ४एक्सचा घ्या, पुढं ५एक्स बांधा. रचना समजून घ्या म्हणजे दुरुस्त करता येईल : साधारण ६० टक्के जाड बुंधा, २० टक्के उतार, २० टक्के टिपेट. बुंधा लाइनच्या टोकाच्या दोन तृतीयांश जाडीचा, ५ नंबरला अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर. बुंधा जास्त बारीक असेल तर लाइनचा जोर तिथंच मरतो.

पण हे सूत्र माशी सरळ रेषेत फेकण्याचं आहे, आणि ड्राय फ्लायला सरळ रेषा नको असते. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात फ्लाय फिशिंग शिकवणारे जॉर्ज हार्वी होते, त्यांनी हे उलटवलं. बुंधा नेहमीपेक्षा बारीक, पुढचे तुकडे मऊ नायलॉनचे, टिपेट लांब. हेतू एकच, टिपेट पाण्यावर नागमोडी पडावं. त्या वळणांत जेवढा ढिला दोरा, तेवढा वेळ माशी मोकळी वाहते. प्रवाह आधी वळणं सरळ करतो, मग माशीला ओढतो. तेवढ्यात मासा येऊन जातो.

त्यावरून टिपेटची लांबी अशी ठरवा. बांधून तीन-चार वेळा टाका आणि माशीकडं न बघता टिपेटकडं बघा. ताठ पडतंय? अर्धा फूट वाढवा. गोळा होऊन पडतंय, माशी मागंच राहतेय? तीन-तीन इंच कापत या. माशी बदलली की हे परत करा, कारण वारा धरणारी मोठी माशी तेवढंच टिपेट उलगडू शकत नाही. मी अडीच फुटांपासून सुरुवात करते. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि नव्वद टक्के लोक करत नाहीत.

गाठी. टिपेट लीडरला जोडायला सर्जन्स नॉट, दोन वेढ्यांची. थंडीत बोटं बधिर झाली तरी बांधता येते. माशीला इंप्रूव्ह्ड क्लिंच. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओठांनी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणानं नायलॉन तापतं आणि तिथंच कुरळं, कमजोर होतं. आवळल्यावर नखांनी नाही, सावकाश ओढून तपासा. टोक कुरळं दिसलं तर कापून परत बांधा.

आणि पाण्यात उतरल्यावर, पहिली फेक करण्याआधी, लीडर बोटांत धरून दोन-तीनदा हळू ओढून घ्या. बोटांच्या उबेनं वेटोळी जातात. लाइनचं टोक कोमट पाण्यानं, साध्या साबणानं धुतलेलं असू द्या. तलावातल्या सरावानं त्यावर शेवाळ बसतं, मग तेच टोक बुडतं आणि लीडरला खाली ओढतं.

काटोलची_संत्री | ९ मार्च, रात्री ८:००

ताई, लय मोठं काम केलं. माह्या पोरानं हे सारं वहीत लिहून घेतलं. तेरा वर्साचा हाय, गय टाकाचा नाद. त्याले हे फेकाचं तंत्र नागपुरात कुठं शिकता येईन? पेंचच्या पान्यात जाता येत नाही हे ठाऊक हाय.

खिंडसी | ९ मार्च, रात्री ८:४०

व्याघ्र प्रकल्पात अजिबात नाही, बरोबर. शहरातल्या तलावांवरही बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडं असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. विचारलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत. परवानगी मिळाली तर तिलापिया छान शिक्षक आहे, लहान माशी घेतो. मरळसाठी मात्र हे बारीक टिपेट काढून ठेवा. तिथं गवतातून ओढून काढावं लागतं, ०एक्स किंवा त्याहून जाड.

फेक शिकायला पाणी लागतच नाही. मैदानावरचं गवत पुरतं. लीडर मात्र लावायलाच हवा, आणि टोकाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा. लीडरशिवाय उघडी लाइन फटकारली की तिचं टोक फुटतं आणि हाताला खोटी सवय लागते. जमिनीवर सायकलची टायर ठेवा, पंचवीस फुटांवर. लोकर टायरमध्ये पडली पाहिजे, आणि लीडर नागमोडी.

कन्हानकाठ | ३० मार्च, रात्री ९:३०

अहवाल. डीटी५एफ, थंड पाण्याची लाइन आली. लेथवाला दादांनी वजन केलं, १४१ ग्रेन. नायलॉनचं नवीन ५एक्स ०.१५ च आलं, दहाही ठिकाणी. स्पूल फ्रिजशेजारच्या कपाटात आहे.

रोज पहाटे साडेपाच ते सात रेशीमबाग मैदानावर, जुन्या लाइनवर. पहिले आठ दिवस टिपेट दर वेळी ताठ. मग ताईंनी फोनवर सांगितलं की फेकीच्या शेवटी रॉडचं टोक अंमळ वर थांबवा. तिसऱ्या दिवशी वळणं दिसायला लागली.

कन्हानकाठ | २ मे, सायंकाळी ६:१५

काल परतलो.

पहिल्या दिवशी पाणी वाढलेलं, गढूळ, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऊन पाण्यावर आलं आणि नागिणी गावाच्या वरच्या बाजूला, एका मोठ्या दगडामागं, गेल्या वर्षीसारखाच एक मासा टिपायला लागला. मी १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस बांधली. लीडर ९ फूट, ५एक्स अडीच फूट. दोनदा बाजूला टाकून टिपेट बघितलं, ताठ पडत होतं. अर्धा फूट वाढवलं. परत बघितलं. मग दगडाच्या दीड हात वर टाकलं.

मासा वर आला. तसाच तिरका. मी श्वास धरून होतो की आता फिरेल. तो फिरला नाही. माशी गेली आणि पाण्यावर फक्त एक गोल राहिला.

ब्राउन ट्राउट, वीतभराहून थोडा मोठा, पोटाशी लाल ठिपके. दोन मिनिटांच्या आत हाताशी आला, गळ पाण्यातच काढला. भावानं फोटो काढायला मोबाइल काढेपर्यंत तो निघून गेला होता. चार दिवसांत सात मासे, सगळे सोडले. एक टिपेट तुटलं, फांदीत अडकून. तो तुकडा काढून आणलाय.

खिंडसीताई, दुपारच्या वाऱ्यात काय करावं ते मात्र जमलं नाही. टिपेट दोन फुटांवर आणलं तरी लोंबत होतं.

खिंडसी | २ मे, रात्री ८:५०

फार आनंद झाला. खरंच.

वाऱ्यात टिपेट आखूड करण्याआधी बुंधा वाढवायचा, दीड-दोन फूट, ०.५ च्या नायलॉननं. जोर पुढपर्यंत पोचतो. मैदानावर वाऱ्याच्या तोंडावर करून दाखवते, लिहून नीट कळणार नाही.

काटोलची_संत्री | २ मे, रात्री ९:२०

ताई, दाखवाल तवा माह्या पोराले बी बलवा. त्यानं सायकलचं टायर अंगनात मांडलं हाय, वीसातून आठ पडते.

खिंडसी | २ मे, रात्री ९:३०

या रविवारी, रेशीमबाग, पहाटे साडेपाच. नंतर ऊन होतं. काटोलहून निघताना पोराला पोटभर नाश्ता द्या. लोकर आणि अर्ध्या मिलीमीटरचं नायलॉन मी आणते.

लेथवाला | २ मे, रात्री ९:५०

मी येतो. कन्हानकाठ, फांदीतला तो तुकडा आणा. कुठं तुटला ते भिंगाखाली बघू, गाठीत की मधे.